पहिली गोळी कोणी दिली

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. सोयीचं आहे ते. मी तसा सोयीचाच माणूस.

मंगरूळपीरला एका औषधाच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटरवर आहे. शिक्षण बेताचं, पण गावी गेलो की डॉक्टर मीच. कोणाची कंबर धरली, कोणाला ताप आला — चिठ्ठीबिठ्ठी कोण विचारतो? मी गोळी न्यायची, लोकांनी निमूट गिळायची. आणि माझा एक नियम होता, त्याचा केवढा अभिमान मला! कोणतीही गोळी आधी स्वतः घेऊन पाहायची. मला काही झालं नाही, म्हणजे कोणालाच काही होत नाही.

धाकटा भाऊ विलास गावी भाजीपाला करतो. ऐन तोडणीत वांग्यांचं कॅरेट उचलताना त्याची कंबर गेली. तो आडवा पडला असता तर कॅरेटं मला उचलावी लागली असती — हेही सांगून टाकतो. मी दुकानातली कडक गोळी आणली, चिठ्ठीशिवाय द्यायची नसते त्यातली. आधी मी घेतली. तोंड कोरडं पडलं, बाकी काही नाही. मग कोणाला न सांगता त्याला दिली.

तासाभरानं तो माझ्याशेजारी बांधावर येऊन बसला. म्हणाला, "दादा, आज पयल्यांदाच मले बरं वाटून राह्यलं."

तो कंबरेबद्दल बोलत नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही तोडणी संपेपर्यंत मी गोळ्यांच्या पट्ट्या गुपचूप आणत राहिलो. मग मी थांबवल्या, तर तो दुसरीकडून आणायला लागला. गोळी नसली की घामानं भिजायचा, सविताच्या — म्हणजे त्याच्या बायकोच्या — अंगावर धावून जायचा. ती माहेरी जायला निघाली होती. आणि मी काय करत होतो? चारचौघांत त्याला सुनावत होतो, की तुझं मनच कच्चं. मनातल्या मनात म्हणायचो, मीही घेतली होती की, मला कुठे लागली?

शेवटी त्याला अकोल्याला व्यसनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माय, सविता आणि मी सोबत. बाईंनी सावकाश समजावलं. ही गोळी पोटात गेली की शरीर तिचं दुसरं, जास्त तेज औषध करतं. कोणाचं शरीर ते फार करतं, कोणाचं जवळजवळ करतच नाही. जन्मतःच, जनुकांमुळे. मेंदूत त्या औषधाला चिकटायच्या जागा असतात, त्याही प्रत्येकाच्या सारख्या नसतात. एका आईची दोन लेकरं असली तरी. म्हणून एकाला नुसती कोरड पडते आणि दुसऱ्याला वाटतं, हेच हवं होतं आयुष्यभर. यात मन कच्चं असण्याचा प्रश्न नाही, म्हणाल्या.

मला काय वाटलं असेल? लाज? नाही हो — हायसं वाटलं. जनुकांचं आहे तर, माझं काय!

तेवढ्यात बाईंनी विचारलं, की पहिली गोळी कोणी दिली.

सविता माझ्याकडेच बघत होती, घरातला जाणता म्हणून. मी म्हणालो, "आमच्या गावचा शंकर." शंकर विलासचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्याच जीपमधून आमची भाजी बाजारात जायची. तो सुपारीसुद्धा खात नाही.

विलासनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "हो. त्यानंच देली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली. सवितानं शंकरच्या दारात जाऊन त्याला नाही नाही ते ऐकवलं. गावानं त्याच्या जीपमध्ये बसणं सोडलं. त्यानं पुष्कळ सांगून पाहिलं, शपथा घेतल्या. कोणी मानलं नाही, कारण माझा शब्द होता. जीप विकून तो बायकापोरांसह गाव सोडून गेला.

विलास आता बरा आहे. दादामुळे हे वाचले म्हणून सविता सगळ्यांना सांगते. मी ऐकून घेतो.

शंकर जायच्या आदल्या दिवशी विलास दुकानात आला होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, शंकरले काय सांगू?"

मी म्हणालो, काही सांगू नको.

त्यानं सांगितलं नाही.