बटणकाकांचं वायफाय

रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांचा पारा चढायचा, म्हणून त्या निवृत्त मीटर-तपासनीसांना सगळी गल्ली बटणकाका म्हणायची. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही अशी मुलीने कुरकुर केली, तेव्हा काकांनी महिनाभर दुकानं पालथी घातली आणि सगळ्यात स्वस्तातला, घरभर वायफाय पसरवणारा दोन डब्यांचा मेश संच आणला. एक डबा बाहेरच्या खोलीत बसला. दुसरा घराच्या मधोमध हवा, म्हणून तो स्वयंपाकघरात फ्रिजवर चढला आणि त्याची पिन ओट्याजवळच्या बोर्डात गेली. मागच्या खोलीत व्हिडिओ न अडखळता चालला. काकांची मान ताठ झाली.

पण रोज रात्रीची जेवणं उरकली की मागच्या खोलीतलं वायफाय गुल. काकांनी डबे पुन्हा जोडले, पासवर्ड बदलला आणि कंपनीच्या माणसाला फोनवर धारेवर धरलं. "असला स्वस्तातला माल विकता आणि वर तोंड करून बोलता?" स्वस्तातला माल तुम्हीच निवडलात, असं म्हणायची त्या बिचाऱ्याची टाप नव्हती.

शेवटी त्यांनी काकूंना विचारलं, "जेवणानंतर स्वयंपाकघरातून शेवटी कोण बाहेर पडतं?"

"तुम्ही," काकू भांडी पुसत म्हणाल्या. "पाणी पिता आणि निघताना ओट्याजवळची सगळी बटणं बंद करता."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही?"

"लग्न झाल्यापासून बटणांवरून बोलणी खातेय. म्हटलं, थोडी कंपनीच्या वाट्यालाही येऊ देत."