सायरन वाजला आणि रांग लागली

सायरन वाजत होता आणि आमची माणसं पंचिंग मशीनसमोर रांगेत उभी होती. रांग अगदी शिस्तीत होती. त्या शिस्तीचाच मला जास्त संताप आला.

मी सिन्नरच्या एमआयडीसीत एका फूड कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. राहायला इंदिरानगरला, रोज कंपनीच्या बसने जाते-येते. आमच्याकडे मटार, मक्याचे आणि डाळिंबाचे दाणे गोठवून पॅक होतात. गोठवायला अमोनिया लागतो. घरच्या फ्रिजच्या नळ्यांत जसा गॅस फिरतो तसा आमच्याकडे अमोनिया फिरतो, फक्त टनावारी. थोडा सुटला तर डोळे झोंबतात, खोकला येतो. जास्त सुटला तर फुप्फुसं भाजतात.

त्या दिवशी सकाळी कॉम्प्रेसर रूममधल्या एका व्हॉल्व्हचं पॅकिंग, म्हणजे गळती अडवणारं सील, गेलं. ऑपरेटर पवारांनी सायरनचं बटण दाबलं आणि वॉकीटॉकीवर मला सांगितलं, "मॅडम, लीक मोठा आहे. सेट घालून व्हॉल्व्ह बंद करायला जातोय." सेट म्हणजे तोंडावर मास्क आणि पाठीवर हवेची टाकी. शिकवलं होतं तसं वागलेला त्या दिवसातला हा पहिला माणूस. पुढचा बराच वेळ तो एकटाच होता.

आग लागली की जवळचं दार बघायचं. गॅस सुटला की आधी वारा बघायचा. त्यासाठी आमच्या छतावर एक लांब नारिंगी कापडी पिशवी लावलेली आहे. तिचं शेपूट जिकडे उडतं, तिकडे गॅस जाणार. शेपूट मेन गेटकडे उडत होतं आणि सगळा कारखाना मेन गेटकडे निघाला होता.

यात त्यांची काय चूक? कागदावर आमचे असेंब्ली पॉइंट दोन आहेत, म्हणजे संकटात जमायच्या जागा. एक गेटजवळ, एक मागच्या मैदानात. पण प्रत्येक ड्रिल आम्ही गेटजवळच घेतली. तिथे कंपनीचा बोर्ड आहे, फोटो चांगला येतो. मागच्या मैदानात भंगार असतं.

मी धावत असतानाच प्लांट मॅनेजर कुलकर्णी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, ड्रिल आजच ठेवायची होती का? माझ्यासमोर बायर बसलेत."

"सर, ड्रिल नाहीये. अमोनिया सुटलाय. पाहुण्यांना मागच्या दाराने मैदानात न्या."

"मागच्या दाराने? तिकडे भंगार पडलंय. बरं दिसत नाही हो."

"सर, आत्ता निघा."

"निघतो. पण आधी तो सायरन बंद करा. शेजारच्या कंपन्या काय म्हणतील?"

मी फोन कापला. नोकरीत पहिल्यांदाच.

गेटच्या आतल्या पॅसेजमध्ये पंचिंग मशीन आहे. कार्ड दाखवायचं, हिरवा दिवा लागला की पुढे जायचं. तिथे शंभरएक माणसं उभी. बऱ्याच जणांनी नाकाला रुमाल लावलेला. वास यायला लागला होता आणि तरी कोणी रांग मोडत नव्हतं. पुढे कटिंग लाइनच्या मुकादम हिराबाई होत्या. जवळच्याच गावच्या, कंपनी सुरू झाल्यापासून इथे.

"हिराबाई, मागे फिरा सगळ्या! मागच्या मैदानात चला!"

"पंच करून येतो ना मॅडम. आज बी फोटोच हाय ना तुमचा?"

"फोटो नाही, खरा गॅस आहे! पंचिंग राहू द्या!"

"असं कसं राहू द्या? मागल्या खेपेला बिनपंचाच्या गेलो तर अर्धा दिवस लावला आम्हाला."

खरं होतं. मागच्या ड्रिलला पंच न करता बाहेर पडलेल्या बायकांची एचआरने अर्ध्या दिवसाची हजेरी लावली होती. नंतर नोटीसही निघाली, की कोणत्याही कारणाने बाहेर जाताना पंचिंग सक्तीचे. त्या नोटिशीची कॉपी माझ्याकडे आली होती. मी वाचली, सही केली, फाइलला लावली. भांडायला हवं होतं. पण त्या आठवड्यात माझं ऑडिट होतं.

आता भाषण करायला वेळ नव्हता. मी रांगेत घुसले आणि मशीनचा प्लग उपटला. दिवा गेला. रांग क्षणभर तशीच उभी राहिली. मग हिराबाई वळल्या आणि ओरडल्या, "मशीन मेलं! चला गं मागं, मॅडम हजेरी लावत्यात!"

मी इतका वेळ घसा फोडत होते. त्यांच्या एका वाक्यावर शंभर माणसं वळली. ओढण्या, पदर नळाखाली ओले करून नाकाला लावले आणि पॅकिंग हॉलच्या कडेने आम्ही मैदानात पोचलो. तिथे हवा स्वच्छ होती. कुलकर्णी साहेब पाहुण्यांना भंगाराकडे पाठ करून उभं करत होते.

मग मोजणी. सायरन झाला की पंचिंगची लिस्ट आपोआप माझ्या मोबाइलवर येते आणि प्रत्येक पंचला बदलते. कोण आत, कोण बाहेर. मैदानातल्या माणसांच्या नावांपुढे खुणा केल्या, बाहेर पंच झालेल्यांना वॉचमनने गेटपासून लांब नेलं होतं, ते सोडून दिले. हिशोब जुळला. मी वॉकीटॉकी उचलणार तेवढ्यात हिराबाई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या लाइनची सुनीता कुठंय?"

"पंच करून गेलीये ती. लिस्टमध्ये आउट दिसतेय."

"लिस्टीत असंल. हितं नाय. गेटाकडं बी नाय, वॉचमनला फोन लावून इचारलं मी. तिचं मंगळसूत्र लॉकरात हाय."

खाण्याच्या मालात दागिना पडू नये म्हणून आमच्याकडे बायका मंगळसूत्र, बांगड्या काढून लॉकरमध्ये ठेवतात. सुनीता रांगेत पहिल्या काही जणींत होती. तिने शिस्तीत पंच केलं आणि मग मंगळसूत्र घ्यायला परत आत गेली. मशीनच्या लेखी ती बाहेर होती.

पवारांनी तेवढ्यात व्हॉल्व्ह बंद केला होता. त्यांच्या टाकीत थोडी हवा शिल्लक होती. मी वॉकीटॉकीवर विचारलं, "पवार, लेडीज लॉकर रूमपर्यंत जमेल?" ते फक्त "हो" म्हणाले. ती सात-आठ मिनिटं मी कशी काढली ते सांगता येणार नाही. हिराबाईंनी माझा दंड धरून ठेवला होता.

सुनीता लॉकर रूमच्या दारातच बसलेली सापडली. डोळे मिटलेले, खोकून खोकून अर्धमेली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही तिच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिलो. चार दिवस दवाखान्यात होती. वाचली. आवाज मात्र अजून बसका आहे. मी भेटायला गेले तेव्हा ती मलाच म्हणाली, "सॉरी मॅडम."

चौकशी झाली. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं होतं, कामगारांमध्ये जागरूकतेचा अभाव. उपाय दोन. मोठ्या आवाजाचा सायरन, आणि गर्दी होऊ नये म्हणून आणखी तीन पंचिंग मशीन. मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, जागरूकता भरपूर होती. अर्धा दिवस जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं." कोणी हसलं नाही. पण सायरन झाल्यावर पंचिंग नको, ही नोटीस मी त्याच टेबलावर लिहून घेतली, कुलकर्णी साहेबांच्या सहीसकट. जुन्या नोटिशीवरची माझी सहीही मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंदवायला लावली.

आता ड्रिल न सांगता होते, वारा बघून होते, आणि मोजणी हिराबाई करतात, चेहरे बघून. त्यांचं बोट माझ्या लिस्टपेक्षा वेगात फिरतं. परवाच्या ड्रिलला सगळे चार मिनिटांत मैदानात होते. दोघं जण तरी डबा घेऊनच आले.

संकटात माणसं गोंधळून काहीतरी भलतंच करतात, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. माझा अनुभव वेगळा आहे. आपण रोज जे करायला लावलेलं असतं, तेच ती करतात. सायरन कितीही मोठा लावा.