बटणाची पँट

आई गेल्यावर माझा धाकटा भाऊ आमच्याकडे कळव्याला राहायला आला. वय अडतीस, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी. तरी दात घासणं, अंघोळ, स्वतः बाथरूमला जाणं, सगळं आईने त्याला शिकवलं होतं. त्यात तिची कित्येक वर्षं गेली. ती त्याला कायम इलॅस्टिकच्याच पँटी घालायची. मला ते गबाळं वाटायचं.

माझ्या मुलीचा साखरपुडा नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये होता. मुलाकडच्यांसमोर भाऊ नीट दिसावा म्हणून मी कल्याणहून त्याला नवी पँट आणली. हूक, चेन, वर घट्ट बटण. सकाळी मीच ती घालून दिली. तो इतका खूश, की आरशासमोरून हलेना.

कार्यक्रम सुरू असताना तो माझ्याजवळ आला. "ताई, बटण."

मला वाटलं, दाखवतोय. "हो रे, छान आहे. जा, बस."

थोड्या वेळाने परत आला, माझा पदर ओढत. "ताई, बटण, बटण."

"कळत नाही का तुला? पाहुणे आहेत ना!" मी दबक्या आवाजात खेकसले.

तो मुकाट्याने जाऊन बसला. मग त्याच्या खुर्चीखाली ओल पसरत गेली.

विहीणबाई बघत होत्या. त्यांनी काही विचारलंही नव्हतं. मीच म्हणाले, "मुद्दाम करतो हो तो. सगळ्यांनी बघावं म्हणून."

हे त्याने ऐकलं.

माझी मुलगी नव्या साडीतच उठली आणि त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. मी कोरडे कपडे शोधत मागून गेले, तर ती पँटशी झटत होती. "आई, हे बटण मलाच निघत नाहीये. मामा कसं काढणार?"



घरी आल्यावर त्याने पँट बादलीत टाकली आणि साबण लावून घासत बसला. "राहू दे रे," मी म्हणाले.

"मी मुद्दाम केलं. सॉरी ताई."

"नाही रे, तू नाही. माझं चुकलं." त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे. तो घासतच राहिला.

मी शिंप्याकडून पँटला इलॅस्टिक लावून आणलं. त्यानंतर पुन्हा तसं कधी झालं नाही. पण विहीणबाईंना खरं काय ते सांगायचा धीर मला झाला नाही. लग्नाआधी त्यांनी काळजीने विचारलं, "मामांना घरीच ठेवताय ना?" मी होकारार्थी मान हलवली.

मुलीला ते समजलं तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. लग्नाला तिनेच त्याला आणलं, आणि जेवायला आपल्या शेजारी बसवलं.