बाहेरचं नानांचं, आतलं माझं

आख्ख्या जळगावात अर्धाच स्वैपाक येणारा माणूस एकच होता, आणि नेमका तो माझा घरमालक होता. आता तुम्ही म्हणाल, अर्धा तर अर्धा, पुष्कळ पुरुषांना तेवढाही येत नाही. खरं आहे. मला तर चहासुद्धा असा यायचा की पाहुणे पुन्हा यायचे नाहीत. पण नानांचं अर्धं वेगळं. त्यांना प्रत्येक पदार्थ मध्यापर्यंतच यायचा. तिथपर्यंत त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. भरताची वांगी भाजावी तर नानांनी, अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ करून, वरून कोळसा आणि आतून लोणी. मग ती बडगीत, म्हणजे लाकडाच्या त्या खोल भांड्यात, मिरची-लसणासोबत कुटावी तर नानांनी. आणि यानंतर फोडणीत काय पडतं असं विचारलं, की नाना माझ्याकडे असे बघायचे, जसा मी शाळेत फळ्याकडे बघायचो. मला फळा फार दिवस बघावा लागला नाही, मास्तरांनीच घरी पाठवून दिलं.

याला कारण नानांची बायको. तिला मी पाहिलं नाही. मी सोनगीर सोडून रिक्षा चालवायला जळगावला आलो आणि मेहरूणला नानांची मागची खोली घेतली, त्याच्या आदल्या वर्षी ती गेली होती. रिटायर व्हायच्या आधी, ती होती तेव्हा, नाना कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रीचे वॉचमन. त्यामुळे दिवसा घरी, आणि घरी असले की गल्लीतला कोणताच पुरुष करत नसे ते करायचे, बायकोबरोबर स्वैपाक. लोक हसायचे, नाना हसू द्यायचे. पण दोघांची वाटणी पक्की होती. उंबऱ्याच्या बाहेर भाजणं, कुटणं, निवडणं, ते नानांचं. उंबऱ्याच्या आत चूल, तेल, फोडणी, ते तिचं. बाहेरचं झालं की नाना ताट उंबऱ्यावर धरायचे आणि म्हणायचे, "बाहेरनं झायं." आतून बांगड्यांचा हात यायचा आणि ताट घेऊन जायचा. आत पुढे काय होतं ते नानांनी जन्मात डोकावून पाहिलं नाही. ज्याचं काम त्याच्याकडे, असा त्यांचा कायदा. ती गेल्यावर काही दिवस नाना सवयीनं ताट धरून उंबऱ्यात उभे राहायचे म्हणे. वांगी गार व्हायची.

मग ते अर्धा स्वैपाक घेऊन गल्लीत निघायला लागले. नाना दारात दिसले की शेजारची अक्का आतूनच विचारायची, "नाना, आज काय अर्धं आणलं?"

"ठेसा शे. याले फोडणी दी दे."

ती बिचारी द्यायची. नाना तिथंच बसून घास घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून अक्का पदर सावरून उभी राहिली की म्हणायचे, "मीठ जास्त शे." आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आणि सगळीकडे निकाल हाच. शेवटी अक्का एकदा चिडली. म्हणाली, "आमच्या ह्यांनी आजपर्यंत माझ्या मिठाला नाव ठेवलं नाही."

नाना म्हणाले, "त्याले जीभच कोठे शे? ऱ्हाती तं बोलता नही का?"

त्या दिवसापासून गल्लीतली दारं एकेक करून लागली. आणि मग नानांची नजर माझ्यावर पडली. त्याचं असं झालं, मी खिचडी टाकली होती आणि आग लागली समजून नाना पाण्याची बादली घेऊन धावत आले. पाणी टाकून झाल्यावर पातेल्यात बघून म्हणाले, "तुले काय काय येस?"

"काहीच नाही नाना."

"मंग बेस शे. तुले इसरानं काहीच नही."

विसरायला काहीच नाही, या एका गुणावर मला नोकरी लागली. आतली. आता घोटाळा असा, की नानांना आतलं येत नव्हतं म्हणून तर मी, आणि मला शिकवणार नाना. पण त्या माणसानं इतकी वर्षं अंगणात बसून आतला आवाज आणि वास ऐकला होता, हो, वास ऐकलाच म्हणायचं, त्यावरून ते मला बाहेरून हाकायचे. "तुनी काकू मिरची टाके तवय मले खोकला ये. आज खोकला नही उना, टाक आखो." मी टाकायचो. नानांना खोकला यायच्या आधी मला यायचा, मग अक्काच्या घरात, मग समोरच्या मशिदीजवळच्या शिंपीदादांच्या दुकानात. ते मशीन थांबवून ओरडायचे, "हो गया क्या नाना का खाना?" सगळी गल्ली खोकली की फोडणी झाली असं समजायचं. एकदा नाना म्हणाले, सगळं बरोबर होतंय पण आत कोणी आहे असं वाटत नाही, बांगड्या वाजत नाहीत. आता मी कुठून बांगड्या आणू? मी रिक्षाची किल्ली आणि कुलपाच्या किल्ल्या एका कडीत अडकवल्या आणि त्या हातात घालून पळी फिरवायला लागलो. अंगणातून आवाज आला, "हां. आते बरं शे." माझे दोन पॅसेंजर खिडकीतून हे बघत होते. त्यांनी दुसरी रिक्षा केली.

अजून एक नियम होता. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, चाखलं की उष्टं. त्यामुळे मी काय केलंय ते मलाही ताटात पडल्यावरच कळायचं. आणि ताटात पडलं की नाना घास घ्यायचे, डोळे मिटायचे, "मीठ जास्त शे." मी मीठ अर्धं केलं. मीठ जास्त शे. चिमूट केली. "थोडंसं जास्त शे." मला वाटायला लागलं माझा हातच खारट आहे, दिवसभर हँडल धरून घाम मुरला असेल. मी लाईफभर धुतला नव्हता एवढा हात त्या दिवसांत साबणानं धुतला. पण एक सांगतो, संध्याकाळी बाहेर नाना बडगीत धप धप कुटताहेत आणि आत मी किल्ल्या वाजवतोय, तेवढा वेळ आम्हां दोघांनाही घरात माणसं आहेत असं वाटायचं. जेवण झालं की पुन्हा नाना त्यांच्या खाटेवर आणि मी माझ्या खोलीत, मधे भिंत. भिंतीच्या पलीकडून कूस बदललेली ऐकू यायची. माझीही त्यांना येत असणार.

नानांना एकच मुलगी, सुरतेला दिलेली. तिचा फोन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात यायचा. दुकानदार हाक मारायचा आणि नाना चप्पल न घालता पळायचे. एक दिवस परत आले ते पाय ओढत आले. पोरगी म्हणत होती, घराला कुलूप लावा आणि सुरतेला चला, तुम्ही अर्धं ताट घेऊन दारोदार फिरता हे मला लोकांकडून कळतं. नाना म्हणाले, आता फिरत नाही, घरीच करतो. ती म्हणाली, ठीक, मी रविवारी येते, तुम्ही दोघांनी मिळून मला आईसारखं भरीत करून दाखवा. जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर माझ्याबरोबर गाडीत बसायचं.

नाना मला म्हणाले, "मनं घर आते तुना हातमा शे."

ज्या हातात पॅसेंजर छत्रीसुद्धा धरायला देत नाहीत, त्या हातात घर.

रविवारी सुरतेच्या ताई आल्या. अंगणात खाटेवर बसल्या. नाना जाळापाशी बसले, वांग्यांवरून नजर हटवत नव्हते. कुटून झालं, ताट उंबऱ्यावर आलं, "बाहेरनं झायं." मी ताट घेतलं. फोडणी टाकली, शेंगदाणे टाकले, कांद्याची पात टाकली. नाना खोकले, ताई खोकल्या, अक्का खोकली. मी किल्ल्या वाजवल्या. ताईंनी विचारलं, "हे काय वाजतंय?" नाना म्हणाले, "काही नही." नैवेद्य झाला. ताटं मांडली, ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी अक्कानं स्वतःहून पाठवल्या होत्या.

नानांनी घास घेतला. डोळे मिटले. मी दाराकडे बघत होतो, स्टेशनला रिक्षा मलाच न्यावी लागणार होती. नानांनी डोळे उघडलेच नाहीत. दुसरा घास घेतला. मग म्हणाले, "हाई तिना हातनं शे."

ताई मान खाली घालून जेवत होत्या. नाना मला म्हणाले, "आज काय करं रे तू?"

मी छाती काढून सांगणार होतो, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं. "नाना," मी म्हणालो, "घाबरलो होतो. मीठच टाकायचं विसरलो."

मग ताई हसायला लागल्या, पदर तोंडावर धरून. "आई तरी कुठं टाकायची, नाना? मिरची कुटताना तुम्ही मूठभर खडेमीठ टाकता की."

"ते का मीठ शे? ते तं मिरची बारीक व्हवाले टाकतस."

"मग ते जातं कुठं?"

नानांनी बडगीकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "आईला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, त्यांना सांगू नको. रोज म्हणतात, तुझ्या हातचं मीठ कसं नेमकं असतं. म्हणू दे."

त्यांचं हसू थांबलं होतं. नाना पुढचा घास घेऊन तसेच बसले. भरीत गार झालं.

ताई बोलल्याप्रमाणे एकट्याच गेल्या. आम्ही जिंकलो. पण त्यानंतर नानांचा हात बिघडला. मिरची कुटताना मिठापाशी हात जायचा आणि मधेच थांबायचा. म्हणायचे, "आते हातच मले इचारस, टाकू का नको." कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. मी नियम मोडला. आत पाठ करून बोटानं चाखायचो, कमी असेल तर टाकायचो, जास्त असेल तर बटाटा कुस्करायचो, आणि गप्प बसायचो. माझं तोंड बंद राहिलेली तेवढी एकच गोष्ट. एकदा नाना जेवता जेवता माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बी मले काही सांगत नही ना?"

"मला मिठातलं काय कळतं नाना?"

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या पोरी माहेरी येतात. त्या आखाजीला नाना पोरीकडे निघाले. मी म्हणालो, "नाना, आपण जिंकलो होतो ना?"

"जिंकनूत तं," ते म्हणाले. "पन ती आत काय काय करे, ते पोरीले माहीत शे. मी कधी दखंच नही. बठ्ठं इचारीसन येस."

सगळं विचारून येतो म्हणणाऱ्या नानांना मी रिक्षातून स्टेशनला सोडलं. पुढे कधीमधी दुकानात फोन यायचा. कधी येताय विचारलं की म्हणायचे, अजून पोरीचं सगळं सांगून झालं नाही. मग एका पावसाळ्यात फोन आला तो ताईंचा होता.

आता मी दुसरीकडे राहतो, स्वैपाक पूर्ण येतो, वांगीही माझी मीच भाजतो. फक्त मिठाचा हात अजून कमीच पडतो, बाहेरून कोणीतरी टाकलं असेल या हिशोबानं. जेवायला बसलो की अळणी लागतं. वरून मीठ घ्यायला उठत नाही. तसंच खातो.