मिरगी यांना होती, जीपला नव्हे

जीप चालवतानाच यांचे डोळे वर गेले, मान एका बाजूला वळली आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ताठ झाला. जीप श्यामला टेकडीच्या उतारावर होती. एकीकडे टेकडी, दुसरीकडे तलाव. पुढे मी, मांडीवर माझी लता. मागे माझा शरद आणि शेजारची सुलोचना.

लताला मी पायाशी ढकललं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग टेकडीकडे ओढलं आणि किल्ली फिरवली. गाडी मला येत नव्हती, आजही येत नाही. पण किल्ली फिरवली की इंजिन बंद पडतं, हे रोज पाहिलेलं होतं. जीप रस्त्याकडेच्या चारीत उतरली आणि मुरुमात नाक खुपसून थांबली.

यांचं अंग झटके देत होतं, तोंडाला फेस होता. रस्त्यावरचे लोक धावले. एकाने जोडा काढून यांच्या नाकाशी धरला, दुसरा दातांत चमचा घालायला निघाला. मी दोघांनाही बाजूला केलं, ते मला बघवेना म्हणून. त्यात काही ज्ञान नव्हतं.

तो दसरा होता. हे सरकारी जीपचे ड्रायव्हर. राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा यांचं ऑफिस नागपूरहून भोपाळला आलं, आणि ऑफिसबरोबर जीप, ड्रायव्हर आणि आम्ही बायका-पोरंही. राहायला टीनशेड नावाच्या सरकारी वस्तीत घर मिळालं. दसऱ्याला ड्रायव्हर लोक गाड्या धुवायचे, झेंडूच्या माळा घालायचे, चाकाखाली लिंबू चिरडायचे आणि मग घरच्यांना एक चक्कर मारून आणायचे. वर्षातून एकदा आम्ही साहेबाच्या जागी बसायचो. ती ही चक्कर होती.

जीप चारीतून काढल्यावर सगळे ड्रायव्हर जमले. सुलोचनाचा नवरा भाऊराव त्यांच्यात जुना. त्याने पुढचं चाक पाहिलं आणि कारण सांगून टाकलं. सकाळी लिंबू चिरडलंच नव्हतं, चाकाखालून निसटलं होतं. गाडीला नजर लागली. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, चारही चाकांखाली नवी लिंबं गेली, बॉनेटला मिरच्या बांधल्या. झाला इलाज. आणि यांना पुन्हा किल्ली दिली.

त्याआधीचं मला आठवत होतं. जेवताना यांचा हात ताटात थांबायचा, नजर भिंतीवर लागायची, हाक मारली तरी पत्ता नसायचा. कधी सकाळी जीभ चावलेली असायची. आम्ही त्याला थकवा म्हणायचो. जीप मुरुमात गेल्यावर मी त्याला थकवा म्हणणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे डबा घ्यायला आत आले, तेवढ्यात मी बाहेर जाऊन जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसले. किल्ली काढून पोलक्यात टाकली. ड्रायव्हरांच्या घरांची सगळी लाइन गोळा झाली.

भाऊराव म्हणाला, "वहिनी, उतरा न. लोक हसून राहिले."

"हसू द्या. तुमची बायको मागे बसली होती, विसरलात का?"

"नोकरी जाईल त्याची. कायले पोटावर पाय देता?"

"नोकरी गेली तर दुसरी पाहू. पाण्यात गेलो तर काय पाहणार?"

हे डबा घेऊन दारात आले. नुसते माझ्याकडे पाहत उभे होते. ती नजर मी विसरलेले नाही, पण उतरलेही नाही. गाडी येईना म्हणून शेवटी साहेबच चालत आले. मी बसल्या जागेवरून सांगितलं, "साहेब, यांना झटके येतात. हे गाडी चालवणार नाहीत." साहेबांनी यांना दवाखान्यात पाठवलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं कमी आणि माणसं जास्त. हे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. डॉक्टर म्हातारे होते, भोपाळचेच. यांनी सांगितलं, जरा चक्कर आली होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं. मी ताटापासून मुरुमापर्यंत सगळं सांगितलं, लिंबांचंही.

डॉक्टर म्हणाले, "बीमारी आदमी को है, और इलाज आप लोग गाडी का कर रहे हैं?"

आजाराचं नाव एपिलेप्सी. हिंदीत मिरगी, आपण फेफरं म्हणतो. मेंदूत क्षणभर वीज भलतीकडे धावते, माणसाची शुद्ध जाते, अंग झटके देतं. भुताखेताचं त्यात काही नाही. मोटार कायद्यात मिरगीवाल्याला लायसन नाही, असं त्यांनी यांच्या तोंडावर सांगितलं. विहीर, शिडी आणि चूल यांपासूनही जपायला सांगितलं. झटका आला तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार काढा, तोंडात काही घालू नका, जोडा हुंगवू नका. औषध लिहून दिलं, फेनोबार्बिटोन, झटके दाबणाऱ्या गोळ्या.

गोळ्यांनी यांना झोप यायची. बरेच महिने झटका आला नाही, तेव्हा हे म्हणाले की मी बरा झालो, आणि गोळ्या बंद केल्या. मग दाढी करताना पडले, वस्तरा हातात. गालावर शेवटपर्यंत खूण होती. त्यानंतर गोळी मी स्वतः यांच्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

लायसन गेलं. ऑफिसने यांना शिपाई केलं. ड्रायव्हरची खाकी टोपी यांनी खुंटीला लावली ती लावलीच. माझ्याशी बोलणं बंद होतं, मीठ हवं असलं तरी शरदकडून मागायचे. मी मीठ द्यायची. नवऱ्याचा राग सोसता येतो. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आता औषधं बदलली असतील, कायदेही बदलले असतील. गाडी चालवायची की नाही ते डॉक्टरला विचारा. शेजाऱ्याला विचारू नका, आणि ज्याला चालवायची आहे त्याला तर मुळीच नको. तोवर किल्ली घरात ठेवा. तो रागावेल. रागावू द्या.

पुढच्या दसऱ्याला भाऊराव दारात आला. जीप आता तो चालवत होता. म्हणाला, "दादा, लिंबं तुम्हीच ठेवा. माझ्या हातून निसटतात." यांनी त्याच्या हातातली लिंबं घेतली. मग उठले, एकेका चाकाखाली लिंबू नीट दाबून बसवलं आणि बाजूला झाले. भाऊरावने जीप पुढे घेतली. चारही फुटली. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, मागे बसू."

हे नंतर म्हातारे होऊन, घरात, आपल्या खाटेवर गेले. सुलोचना पुष्कळ वर्षं जगली. शरद आणि लता आज स्वतःच म्हातारे आहेत, आणि हे मी लिहिते आहे. त्या दिवशी जीपमध्ये पाच जण होतो. पाचही जण वाचलो.