रसायनशास्त्राचे चार भाग

१९५६ साली निगडीहून पुण्याच्या कॉलेजात सायन्सला जाणारी रंभा ही गावातली पहिलीच मुलगी. फी माफ झाली होती. चिंचवड स्टेशनपर्यंत ती पायीच जायची, पुढे रेल्वेनं. अडलं ते पुस्तकापाशी. रसायनशास्त्राचं जाडजूड विलायती पुस्तक बावीस रुपयांचं, आणि लायब्ररीत त्याची प्रत एकच.

"जवारी इकू," वडील कोंडाजी म्हणाले.

"न्हाई आबा, ती पोटाची हाय. मी बघते."

तिच्या वर्गातली आणखी तिघं त्याच गाडीनं जायची. त्यांच्याकडेही पुस्तक नव्हतं. चौघांनी वर्गणी काढून एक प्रत घेतली. रंभानं ती थेट चिंचवडच्या मारुतराव बाइंडरांकडे नेली.

"काका, याचे चार भाग बांधून द्या."

"कोरं पुस्तक कापू? पोरी, आजवर फाटकी शिवली, धड कधी कापलं न्हाई."

"अख्खं ठेवलं तर एक जण वाचणार अन् तिघं बघत बसणार."

मारुतरावांनी पुस्तकाला नमस्कार केला आणि शिवण उसवली.

दर सोमवारी गाडीत भाग बदलायचे. ज्याच्याकडे जो भाग, त्यानं तो शिवाजीनगर येईपर्यंत बाकीच्यांना समजावायचा. शिकवता शिकवता रंभाला स्वतःचं कच्चं कुठे आहे ते कळायचं.

एकदा वर्गात रसायनशास्त्राच्या सरांनी तिच्या हातातला तो पातळ भाग पाहिला.

"पुस्तक कापलंत? लाज नाही वाटत?"

रंभा उभी राहिली. "नाही वाटत, सर. यातलं कुठलंही विचारा."

सरांनी मुद्दाम तिच्या हातात नसलेल्या भागातलं विचारलं. तिनं फळ्यावर समीकरण मांडलं, कारणही सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला चुकली, तेव्हा गाडीतल्या एका सोबत्यानं मागच्या बाकावरून दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी सरांनी आपली स्वतःची प्रत वर्गातल्या कपाटात ठेवली आणि किल्ली रंभाकडे दिली.

चौघंही पास झाली. रंभा पुढे बी.एस्सी. झाली आणि पिंपरीच्या औषध कारखान्यात मुलाखतीला गेली.

"मुलीला झेपेल का हे काम?" साहेबांनी विचारलं.

"महिनाभर बघा. नाही झेपलं तर मीच सांगेन."

महिन्यानंतर झेपतं का, हे कुणी विचारलंच नाही. एका दुपारी कोंडाजी तिला भेटायला कारखान्याच्या फाटकाशी आले. पहारेकऱ्यानं हटकलं, तसा त्यांनी पटका सारखा केला.

"माझी लेक आत औषध तपासती," ते म्हणाले. "तिला म्हनावं, घाई न्हाई. काम उरकून ये."