रेडिओच्या कपाटाची किल्ली

बातम्या संपल्या की तो बटण पिळून रेडिओचा गळा आवळायचा, बाकड्यावर चढायचा आणि म्हणायचा, "आता आपल्या भाषेत आयका."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. हातात सरकारी पेटी आली की स्वतःलाच सरकार समजणारा. आमच्या अकोल्याच्या बागेत लाकडी कपाटात रेडिओ होता, खांबावर भोंगा होता आणि कपाटाची किल्ली ह्याच्या करदोट्याला होती. मला तो तेव्हाही आवडला नाही, आजही आवडत नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, देशाची नुकतीच फाळणी झाली होती. बाजार उठला की माळी, हमाल, टांगेवाले बागेत जमत. बातम्यांची पुस्तकी मराठी त्यांना अर्धीच कळे. उरलेली अर्धी हा भरून काढी. मंत्र्यांचं भांडण तो दोन जावांचं करून सांगे. लोक हसत. मीही हसलो आहे.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "सिंधातून आलेल्या लोकायले सरकार भाजीबाजारातले ओटे देऊन राह्यलं. तुमी बसा आता गटारावर."

बातमी एवढीच होती की निर्वासितांच्या राहण्याची सोय होणार. ओट्यांचं त्यात नावही नव्हतं.

माझ्या बाबांचा भाजीचा ओटा त्याच बाजारात होता. त्यांच्या कोपऱ्याला एक म्हातारा सिंधी पापडाची टोपली घेऊन बसे. जागा बाबांनीच दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच ती टोपली उचलून रस्त्यावर ठेवली. तिच्यावरून टांग्याचं चाक गेलं.

"बाबा, रेडिओ असं बोललाच नाही," मी म्हटलं.

"दोन बुकं शिकला म्हून रेडिओपेक्षा शायना झाला का तू?"

अमरावतीच्या कॉलेजातून बी. ए. झालेला मी घराण्यातला पहिला. आणि माझा शब्द त्या बाकड्यापुढे फुकट.

संध्याकाळी मी सिंध्याला घेऊन बागेत गेलो.

"या बी. ए. साहेब," तो बाकड्यावरून म्हणाला, "आज पाव्हणेही आणले वाटते?"

सिंधी पुढे झाला. "बाबूजी, रेडिओ ने बोला था कि मैं इनका ओटा लूँगा?"

"सरकारच्या मनात तसंच हाये."

"रेडिओ ने बोला था?"

तो किल्लीशी चाळा करत राहिला.

"नाही बोलला," तो म्हणाला, आणि लगेच खाली उतरून बटण पिळलं. भोंग्यातून सनई सुटली.

बाबा मागे उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वांग्यांच्या पाट्या सरकवून कोपरा मोकळा केला. माफी मागण्याची आमच्यात रीत नाही.

त्या दिवसापासून सिंधी रोज बाकड्यासमोर मांडी घालून बसू लागला. त्याच्याकडे नजर गेली की ह्याची 'आपली भाषा' आखूड होई. "आयकून राह्यला ना बाप्पा?" असं खवचटपणे विचारी, आणि खाली उतरे. एकदा बातम्यांआधी सिंध्याची जागा तो फडक्यानं झटकताना दिसला. मी न पाहिल्यासारखं केलं. तेवढ्यानं त्याला सोडायची माझी तयारी नव्हती.

पुढे तो आजारात गेला. किल्ली दुसऱ्याकडे आली. पहिल्या संध्याकाळी बातम्या संपल्या, नव्या माणसानं कपाट लावलं आणि तो सायकलवर बसून निघून गेला.

लोक तसेच बसून होते, बाकड्याकडे पाहत.

"आज कुछ नहीं बोला?" सिंध्यानं मला विचारलं.

"नाही."

तो उठला, पंचा झटकला. मग कपाटापाशी जाऊन कुलूप नीट लागलंय ना, म्हणून त्यानं ते एकदा ओढून पाहिलं.